मदरबोर्डची निवड आणि जोडणी : पुस्तिका आधी, खरेदी नंतर

घरी संगणक जुळवायचे ठरले की पैशांचा आणि विचारांचा मोठा वाटा प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डाकडे जातो, आणि उरलेल्या रकमेत जो बसेल तो मदरबोर्ड शेवटी उचलला जातो. याला कारणही आहे. एकच प्रोसेसर साध्या बोर्डावर आणि महागड्या बोर्डावर लावून पाहिला, तर रोजच्या कामात वेगाचा फरक सहसा जाणवत नाही. मात्र पुढच्या पाच-सात वर्षांत त्या संगणकाला काय काय जोडता येईल आणि काय जोडता येणार नाही, हे सर्वस्वी मदरबोर्ड ठरवतो. आणि एकदा बसवलेला बोर्ड बदलायचा म्हणजे सगळा संगणक सुटा करून पुन्हा जुळवावा लागतो.

म्हणून बोर्ड विकत घेण्याआधी त्याची पुस्तिका वाचावी, हा या लेखातला माझा मुख्य आग्रह आहे. बहुतेक उत्पादक ही पुस्तिका आपल्या संकेतस्थळावर मोफत उतरवून घेऊ देतात. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेल्या गोष्टी खऱ्याच असतात, पण त्या सगळ्या एकाच वेळी खऱ्या असतील असे नाही. कोणती जोडणी वापरली की कोणती बंद पडते, हे पुस्तिकेतल्या तक्त्याखालच्या बारीक टिपांमध्ये लिहिलेले असते, आणि खरेदीनंतर पस्तावण्याची निम्मी कारणे त्या टिपांतच दडलेली असतात.

प्रोसेसर, सॉकेट आणि चिपसेट

प्रोसेसर आधी ठरवावा; त्यावरून सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, आपोआप ठरते. इंटेलच्या बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर २०२१ साली आलेल्या एलजीए १७०० सॉकेटमध्ये बसतात, तर २०२४ साली आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी एलजीए १८५१ हे वेगळे सॉकेट लागते. एएमडीच्या बाजूला २०१६ सालचे एएम४ आणि २०२२ सालचे एएम५ ही दोन सॉकेटे आज प्रामुख्याने दिसतात. एएम४ने प्रोसेसरच्या अनेक पिढ्या सांभाळल्या, आणि एएम५लाही किमान २०२७पर्यंत आधार देण्याचे एएमडीने जाहीर केले आहे. काही वर्षांनी केवळ प्रोसेसर बदलून संगणकाचे आयुष्य वाढवण्याचा विचार असेल, तर ही गोष्ट हिशेबात धरावी.

सॉकेट जुळले म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या प्रोसेसरांना एलजीए ११५१ हेच सॉकेट होते, प्रोसेसर त्यात व्यवस्थित बसतही असे, पण आठव्या पिढीला ३०० मालिकेचा चिपसेट (प्रोसेसर आणि इतर जोडण्या यांच्यात दुवा साधणारी बोर्डावरची चिप) लागत असल्यामुळे जुन्या बोर्डावर तो चालत नसे. यावर उपाय एकच : बोर्डाच्या अधिकृत पानावरची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी उघडावी आणि आपल्या प्रोसेसरसमोर बायॉसची, म्हणजे संगणक सुरू होताना चालणाऱ्या बोर्डावरच्या मूळ आज्ञावलीची, कोणती आवृत्ती लिहिली आहे ते पाहावे. बोर्ड कारखान्यातून निघाला तेव्हा तो प्रोसेसर बाजारात आलेलाच नसेल, तर बोर्डावरचे जुने बायॉस त्याला ओळखणार नाही. अशा वेळी प्रोसेसर न लावताच पेनड्राइव्हवरून बायॉस बदलण्याची सोय असलेला बोर्ड कामी येतो. या सोयीला बायॉस फ्लॅशबॅक किंवा त्यासारखेच एखादे नाव असते, आणि तिचे छोटे बटण बहुधा बोर्डाच्या मागील बाजूस, यूएसबी पोर्टांच्या शेजारी असते. माझ्या मते ही एक सोय रंगीत दिव्यांच्या साऱ्या आराशीपेक्षा मोलाची आहे.

चिपसेट हा सॉकेटनंतरचा निर्णय. इंटेलमध्ये झेड अक्षराचे चिपसेट, उदाहरणार्थ झेड७९० किंवा झेड८९०, प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) करू देतात. बी७६० केवळ रॅमचा वेग वाढवू देतो आणि एच६१० तेही करू देत नाही. एएमडीमध्ये बी६५०, बी८५० आणि एक्स अक्षराचे चिपसेट प्रोसेसरचा वेग वाढवण्याची मुभा देतात, ए६२० देत नाही. येथे नावाची एक फसगत लक्षात ठेवावी. बी८४० हे नाव बी८५०च्या शेजारचे वाटते, पण त्यावर प्रोसेसरचे ओव्हरक्लॉकिंग होत नाही आणि चिपसेटकडून मिळणाऱ्या जोडण्याही जुन्या पिढीच्या असतात. ज्याला ओव्हरक्लॉकिंग करायचेच नाही, आणि बहुतेकांना ते करायचे नसते, त्याने झेड किंवा एक्सच्या मागे धावण्याचे कारण नाही. घरगुती वापरासाठी मधल्या बी श्रेणीचा बोर्ड बहुधा पुरतो.

आकार

एटीएक्स हे माप इंटेलने १९९५ साली आणले. पूर्ण आकाराचा एटीएक्स बोर्ड ३०५ मिलिमीटर उंच आणि २४४ मिलिमीटर रुंद असतो. मायक्रो एटीएक्स जास्तीत जास्त २४४ मिलिमीटरचा चौरस, तर मिनी आयटीएक्स १७० मिलिमीटरचा चौरस असतो. लहान बोर्ड मोठ्या कॅबिनेटमध्ये बसतो, उलट होत नाही. मिनी आयटीएक्सवर विस्ताराचा एकच स्लॉट आणि सहसा रॅमच्या दोनच जागा असतात, शिवाय दाटीवाटीत तारा ओवणे हे कष्टाचे काम आहे. पहिल्यांदाच संगणक जुळवणाऱ्याने हा आकार टाळावा, असे मी स्पष्टपणे सुचवेन.

जोडण्यांची मोजणी

आता कागद-पेन्सिल घेऊन बसावे आणि आज काय जोडायचे आहे व पुढे काय जोडावेसे वाटेल, याची यादी करावी. बोर्डाची निवड खऱ्या अर्थाने या कागदावर होते.

प्रोसेसर आणि चिपसेट यांच्याकडून बाहेर पडणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस मार्गिकांची, म्हणजे कार्डे आणि एसएसडी यांच्यापर्यंत माहिती नेणाऱ्या वाटांची, संख्या मर्यादित असते. ग्राफिक्स कार्डाचा वरचा लांब स्लॉट आणि पहिली एम.२ जागा (चपट्या एसएसडीची) सहसा थेट प्रोसेसरला जोडलेली असते, उरलेल्या एम.२ जागा, साटा पोर्ट (तारेने जोडायच्या डिस्कसाठी), नेटवर्क आणि बरेचसे यूएसबी पोर्ट चिपसेटमार्फत जातात. चिपसेट आणि प्रोसेसर यांच्यात मात्र एकच सामाईक रस्ता असतो. एएम५च्या बोर्डांवर तो पीसीआय एक्स्प्रेस ४.० दर्जाच्या चार मार्गिकांचा, म्हणजे एका दिशेला सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइटचा असतो. चिपसेटला जोडलेल्या तीन वेगवान एसएसडी एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालवायच्या म्हटल्या, तर त्या याच रस्त्यावर दाटी करणार. घरगुती कामात असा प्रसंग क्वचितच येतो. तरीही सर्वांत वेगवान एसएसडी प्रोसेसरला थेट जोडलेल्या जागेत बसवणे शहाणपणाचे आहे, आणि ती जागा कोणती हे पुस्तिकेतल्या आकृतीत दाखवलेले असते.

मार्गिका कमी पडल्या की उत्पादक त्या वाटून देतात. एखाद्या बोर्डावर ठरावीक एम.२ जागा भरली की दोन साटा पोर्ट बंद पडतात. काही बोर्डांवर दुसरी एम.२ जागा भरली की ग्राफिक्स कार्डाच्या १६ मार्गिकांच्या ८ होतात. खालचा दुसरा लांब स्लॉट दिसायला वरच्यासारखाच असला, तरी अनेकदा आतून त्याला चारच मार्गिका जोडलेल्या असतात. शिवाय आजची ग्राफिक्स कार्डे अडीच-तीन स्लॉटांइतकी जाड असल्यामुळे त्यांच्याखालचा लहान स्लॉट कागदावर उरतो, हाताला लागत नाही. ध्वनी, वाय-फाय किंवा चित्रमुद्रणाचे कार्ड लावायचे असेल त्याने स्लॉटांची संख्या मोजू नये, त्यांच्यातले अंतर मोजावे.

एम.२ हे आकाराचे नाव आहे, वेगाचे नाही. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० मिलिमीटर लांब. त्याच आकारात एनव्हीएमई, म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस मार्गिकांवर चालणारी, एसएसडी येते आणि साटा पद्धतीचीही येते. साटा पद्धतीची एसएसडी सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटच्या पुढे जात नाही आणि अनेक नव्या बोर्डांच्या एम.२ जागांमध्ये ती ओळखलीच जात नाही. जुनी एसएसडी नव्या संगणकात वापरायची असेल, तर हे आधी तपासावे.

यूएसबीच्या नावांनी जो गोंधळ घालून ठेवला आहे, त्याला तोड नाही. यूएसबी ३.२ जेन १ म्हणजे सेकंदाला ५ गिगाबिट, जेन २ म्हणजे १०, आणि जेन २ गुणिले २ म्हणजे २०. नावाकडे दुर्लक्ष करून गिगाबिटचा आकडा वाचावा. कॅबिनेटच्या दर्शनी भागावर टाइप-सी पोर्ट असेल, तर त्यासाठी बोर्डावर खास वेगळा हेडर (तार जोडायच्या पिनांचा संच) लागतो; तो नसेल तर कॅबिनेटवरचा पोर्ट शोभेपुरता राहतो. पंख्यांच्या हेडरांची संख्याही याच वेळी मोजून घ्यावी.

बोर्डावर एचडीएमआय पोर्ट दिसला म्हणून पडद्यावर चित्र येईलच असे नाही. तो पोर्ट प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर चालतो. नावाच्या शेवटी एफ अक्षर असलेल्या इंटेलच्या प्रोसेसरांमध्ये ते ग्राफिक्स वापरता येत नाही. एएमडीच्या रायझन ५००० मालिकेत नावात जी अक्षर नसलेल्या डेस्कटॉप प्रोसेसरांतही ते नसते. रायझन ७००० मालिकेपासून, एफ अक्षराचे वगळता, लहानसे ग्राफिक्स आतच मिळते आणि दोष शोधताना त्याचा मोठा उपयोग होतो.

रॅम आणि वीजपुरवठा

एएम५ आणि एलजीए १८५१ वर केवळ डीडीआर५ रॅम चालते. एलजीए १७०० वर डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा रॅमच्या दोन्ही पिढ्यांचे बोर्ड मिळतात, म्हणून तेथे नाव नीट वाचावे लागते. डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही पट्ट्यांना २८८च संपर्कबिंदू असले, तरी मधली खाच वेगळ्या ठिकाणी असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. बसत नाही म्हणून जोर लावणारेही भेटतात.

चार जागा असल्या तरी डीडीआर५च्या दोनच पट्ट्या घ्याव्यात. चार पट्ट्या भरल्या की स्मृतिनियंत्रकावरचा भार वाढतो आणि वेग उतरतो. रायझन ७००० मालिकेसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन पट्ट्यांसाठी ५२००, तर चार पट्ट्यांसाठी ३६०० आहे. आज १६ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या घेऊन पुढे आणखी दोन वाढवू, असा बेत डीडीआर४च्या काळात ठीक होता. आता मात्र ६४ गिगाबाइट लागणार हे माहीत असेल, तर सुरुवातीलाच ३२ गिगाबाइटच्या दोन पट्ट्या घेणे चांगले.

प्रोसेसरच्या भोवती जी लहान चौकोनी घटकांची रांग दिसते, तो व्हीआरएम, म्हणजे पॉवर सप्लायकडून येणारे १२ व्होल्ट प्रोसेसरला चालेल अशा सव्वा व्होल्टच्या आसपास उतरवणारा विभाग. जाहिरातीत त्याच्या टप्प्यांची संख्या सांगितली जाते, पण टप्प्यांच्या संख्येइतकाच प्रत्येक घटक किती प्रवाह पेलतो याला अर्थ असतो. ६५ वॉटच्या श्रेणीतल्या प्रोसेसरला बहुतेक सगळे बोर्ड पुरेसे असतात. कोअर आय९-१३९००के सारखा प्रोसेसर मात्र भाराखाली २५३ वॉटपर्यंत वीज घेतो. तो उघड्या, हीटसिंक (उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा) नसलेल्या व्हीआरएमच्या बोर्डावर बसवला, तर बोर्ड तापतो, प्रोसेसरचा वेग खाली ओढला जातो आणि महाग प्रोसेसरचे पैसे वाया जातात. बोर्डामुळे वेग कमी होण्याचा हा एक खराखुरा प्रसंग आहे.

कॅबिनेटबाहेरची तयारी

जोडणीसाठी कोरडे, स्वच्छ टेबल, चांगला उजेड आणि चुंबकीय टोकाचा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर पुरतो, एम.२च्या बारीक स्क्रूसाठी आणखी लहान टोकाचा एक लागेल. स्थिर विजेची भीती वाजवीपेक्षा जास्त घातली जाते, पण ती निराधार नाही. गालिच्यावर उभे राहून काम करू नये, लोकरीचे कपडे टाळावेत आणि अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावावा. बोर्ड नेहमी कडांनी धरावा. तो ज्या रुपेरी पिशवीतून आला त्या पिशवीवर ठेवून वीज सुरू करू नये, कारण अशा पिशव्यांचा बाहेरचा थर थोडीफार वीज वाहू देतो. बोर्डाचे स्वतःचे पुठ्ठ्याचे खोके हे उत्तम बैठक होते.

प्रोसेसर, रॅम, एसएसडी आणि जमल्यास कूलर हे सगळे बोर्ड कॅबिनेटमध्ये जाण्याआधीच बसवावे. एलजीए पद्धतीच्या सॉकेटमध्ये, म्हणजे इंटेलच्या सर्व बोर्डांवर आणि एएम५वर, नाजूक पिना बोर्डावर असतात. एएम४मध्ये त्या प्रोसेसरच्या पोटाला असतात. दांडी सोडवून वरची चौकट उघडावी, प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा छोटा त्रिकोण आणि सॉकेटवरचा त्रिकोण जुळवावा आणि प्रोसेसर सरळ वरून अलगद ठेवावा. तो आपल्या वजनाने बसला पाहिजे. ठेवल्यावर सरकवू नये, दाबू नये. नंतर दांडी खाली घेताना मात्र बराच जोर लागतो आणि करकर असा आवाज येतो. पहिल्यांदा ऐकताना काळजात धस्स होते, पण प्रोसेसर नीट बसलेला असेल तर तो आवाज अपेक्षितच आहे. सॉकेटवरचे काळे प्लास्टिकचे झाकण आपण काढायचे नसते. चौकट बंद होताना ते आपोआप उडून बाहेर येते.

रॅमच्या दोन पट्ट्या चार जागांपैकी कोठे लावायच्या, हा प्रश्न नेहमी चुकतो. प्रोसेसरकडून मोजत गेल्यास दुसरी आणि चौथी जागा, ज्यांवर बहुधा ए२ आणि बी२ असे छापलेले असते, हे जवळपास सर्व घरगुती बोर्डांवरचे उत्तर आहे. शेजारशेजारच्या दोन जागांत पट्ट्या लावल्या तर बहुधा दोन्ही एकाच चॅनेलवर येतात आणि स्मृतीचा मार्ग निम्मा होतो. कडेची खिटी टक्कन बसेपर्यंत पट्टी दोन्ही टोकांनी दाबावी.

एसएसडी तिरकी आत सारून, मग आडवी दाबून स्क्रूने किंवा खिटीने पक्की करायची असते. तिच्यावरच्या हीटसिंकच्या आतील बाजूस उष्णतावाहक पट्टी असते आणि तिच्यावर पातळ संरक्षक प्लास्टिक असते. ते सोलून काढावे. ते तसेच ठेवून हीटसिंक कसणारे थोडे नाहीत, आणि मग एसएसडी का तापते याचा शोध महिनोन्‌महिने चालतो.

कूलरच्या तळालाही असेच प्लास्टिक असू शकते. थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) आधीच लावलेली नसेल, तर प्रोसेसरच्या मध्यभागी वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. कूलरचा दाब ती पसरवतो. चार स्क्रू असतील तर समोरासमोरचे कोपरे घेत, प्रत्येक वेळी थोडे थोडे फिरवत आवळावेत. जुना कूलर वापरायचा असेल तर सॉकेटभोवतीच्या छिद्रांतले अंतर तपासावे. इंटेलने एलजीए १२०० पर्यंत ते ७५ मिलिमीटर ठेवले होते, एलजीए १७०० पासून ७८ मिलिमीटर केले. एएम४चे बरेच कूलर एएम५वर चालतात, पण ज्यांना स्वतःची मागची पट्टी लावावी लागते ते चालत नाहीत, कारण एएम५ची मागची पट्टी सॉकेटचाच भाग आहे. पंख्याची वायर ‘सीपीयू फॅन’ असे लिहिलेल्या हेडरलाच जोडावी. तो रिकामा दिसला तर अनेक बोर्ड सुरू होतानाच त्रुटीचा संदेश दाखवून थांबतात.

कॅबिनेटमध्ये बसवताना

मागच्या पोर्टांभोवतीची पत्र्याची चौकट बोर्डाला जोडलेली नसेल, तर ती सर्वांत आधी कॅबिनेटमध्ये आतून दाबून बसवावी. ती विसरणे ही इतकी सर्वसामान्य चूक आहे की, नऊ स्क्रू आवळून झाल्यावर ते पुन्हा सोडवताना आपण एकटे नाही, एवढे समाधान बाळगावे.

बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून खाली पितळी आधार असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात. बोर्डाला जेथे छिद्र आहे तेथे आधार हवा, आणि जेथे छिद्र नाही तेथे एकही नको. मी एकदा पूर्ण आकाराचा बोर्ड काढून त्याच कॅबिनेटमध्ये मायक्रो एटीएक्स बोर्ड बसवला. जुन्या बोर्डासाठी लावलेला एक आधार तसाच राहिला होता आणि नव्या बोर्डाच्या मागच्या जोडण्यांना तो टेकत होता. बटण दाबले की पंखे अर्धा सेकंद फिरत आणि सगळे बंद पडे. पॉवर सप्लाय बदलून पाहिला, रॅम बदलून पाहिली. दोन संध्याकाळी गेल्यावर बोर्ड उचलला तेव्हा तो पितळी आधार समोर चमकत होता. पॉवर सप्लायच्या संरक्षक यंत्रणेने वेळीच वीज तोडली म्हणून बोर्ड वाचला.

सर्व स्क्रू आधी सैल लावून घ्यावेत, बोर्ड सरळ झाला की मग आवळावेत, आणि हाताला अडकल्यासारखे वाटले की थांबावे.

वीज द्यायला दोन तारा लागतात : बोर्डाच्या कडेला २४ पिनांची मोठी आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात प्रोसेसरसाठी आठ पिनांची. ही दुसरी तार कूलर बसवल्यावर हात जात नाही अशा जागी असते, म्हणून ती बोर्ड आत ठेवतानाच ओवून घ्यावी. ग्राफिक्स कार्डाची तारही अनेकदा आठ पिनांचीच असते, पण तिची रचना वेगळी आहे. प्रोसेसरची तार सहसा चार अधिक चार अशी दुभंगते, ग्राफिक्स कार्डाची सहा अधिक दोन अशी. बसत नसेल तर चुकीची तार हातात आहे, एवढेच समजावे. काही बोर्डांवर या कोपऱ्यात आणखी चार किंवा आठ पिनांची जागा असते. साधारण प्रोसेसरसाठी ती रिकामी ठेवली तरी चालते. सुट्या तारांच्या पॉवर सप्लायमध्ये दुसऱ्या पॉवर सप्लायच्या तारा कधीही वापरू नयेत. टोके सारखी दिसतात, आतली पिनांची मांडणी वेगळी असू शकते, आणि ही चूक बोर्डासकट सगळे जाळू शकते.

कॅबिनेटच्या बटणांच्या बारीक तारा नऊ पिनांच्या एका गठ्ठ्यात जातात. बटणांच्या तारा उलट लागल्या तरी चालतात. दिव्यांच्या तारांना मात्र अधिक आणि उणे पाहावे लागते, नाहीतर दिवा पेटत नाही. यूएसबी २.० आणि दर्शनी ध्वनीचे हेडर दोन्ही नऊ पिनांचे असले, तरी गाळलेली पिन दोन्हींत वेगळ्या जागी असते. यूएसबी ३.०चा जाड १९ पिनांचा जोड सरळ लावावा आणि सरळच काढावा, कारण त्याच्या पिना सहज वाकतात. शोभेच्या दिव्यांसाठी दोन प्रकारचे हेडर असतात : चार पिनांचा १२ व्होल्टचा आणि तीन पिनांचा ५ व्होल्टचा. ५ व्होल्टचे दिवे १२ व्होल्टला जोडले तर ते जळतात.

पहिली सुरुवात

ग्राफिक्स कार्ड लावले असेल तर पडद्याची तार त्यालाच जोडावी, बोर्डाला नव्हे. पहिल्यांदा बटण दाबल्यावर पडदा काळाच राहिला तरी घाई करू नये. डीडीआर५ रॅमची जुळणी पडताळून पाहायला बोर्डाला पहिल्या वेळी काही मिनिटेही लागू शकतात, आणि या काळात वीज तोडली तर ते सारे पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. दहा-पंधरा मिनिटांनंतरही काही दिसले नाही, तर बोर्डावरचे चार छोटे दिवे पाहावेत. अनेक बोर्डांवर प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स आणि बूट या क्रमाने ते असतात आणि जेथे अडले आहे तेथला दिवा पेटता राहतो. प्रोसेसरचा दिवा लागलेला असेल तर आठ पिनांची तार आणि बायॉसची आवृत्ती तपासावी. रॅमचा असेल तर एकच पट्टी ए२ जागेत ठेवून पाहावे. बूटचा दिवा लागणे ही पहिल्या वेळी तक्रार नसते. अजून चालक प्रणालीच (विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम) बसवलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. बायॉसमध्ये काही बदलल्यावर संगणक उठेनासा झाला, तर वीज काढून सीमॉस (बायॉसमधले बदल जपून ठेवणारी स्मृती) साफ करण्याच्या दोन पिना क्षणभर जोडाव्यात, किंवा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल काही मिनिटे काढून ठेवावा.

बायॉस उघडल्यावर प्रोसेसर, रॅमचे एकूण आकारमान आणि एसएसडी दिसत आहेत ना, हे पाहावे. मग बायॉस अद्ययावत करावे. चालणाऱ्या यंत्राला हात लावू नये, हा जुना सल्ला मी बायॉसबाबत बराच काळ पाळला, पण अलीकडच्या दोन प्रकरणांनी तो मोडीत काढला. २०२३ साली रायझन ७००० एक्स३डी मालिकेचे काही प्रोसेसर जादा व्होल्टेजने जळाल्यानंतर त्या व्होल्टेजवर १.३ व्होल्टची मर्यादा बायॉसमधूनच घालण्यात आली. आणि इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतल्या अस्थिरतेवर २०२४ साली जे मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या आज्ञावलीच्या दुरुस्त्या, आले, तेही बायॉसमार्फतच पोचले. असा प्रोसेसर जुन्या बायॉसवर चालवत ठेवणे म्हणजे त्याची झीज होऊ देणे. अद्ययावत करताना मात्र वीज जाणार नाही याची खात्री असावी.

त्यानंतर रॅमचे प्रोफाइल चालू करावे. इंटेलकडे त्याला एक्सएमपी आणि एएमडीकडे एक्स्पो म्हणतात. ते चालू केले नाही, तर ६००० वेगाची म्हणून घेतलेली पट्टी बहुधा ४८०० किंवा त्याच्या आसपासच्या मूळ वेगावर चालत राहते, आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. जुन्या पद्धतीने बूट करण्याचा सीएसएम हा पर्याय बंद ठेवावा. ग्राफिक्स कार्डाची सगळी स्मृती प्रोसेसरला एकदम वापरू देणारी रिसायझेबल बार ही सोय तो बंद केल्याशिवाय चालत नाही. विंडोज ११साठी टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारा विभाग) चालू असावा लागतो. इंटेलच्या बोर्डांवर तो पीटीटी आणि एएमडीच्या बोर्डांवर एफटीपीएम या नावाने सापडतो.

चालक प्रणाली बसवण्याआधी नेटवर्कचा ड्रायव्हर पेनड्राइव्हवर उतरवून ठेवावा. नव्या बोर्डांवरची नेटवर्क चिप विंडोज स्वतःहून ओळखेलच असे नाही, आणि ती ओळखली नाही तर ड्रायव्हर उतरवायला इंटरनेट नाही व इंटरनेटसाठी ड्रायव्हर नाही, अशा कात्रीत माणूस सापडतो. रॅमचे प्रोफाइल चालू केल्यावर मेमटेस्ट८६ सारख्या साधनाने एक रात्रभर तपासणी करावी. एकही चूक दिसली तर वेग एक पायरी खाली आणावा आणि पुन्हा तपासावे.

सॉकेटवरून उडालेले काळे झाकण फेकू नये. बोर्ड कधी हमीखाली परत पाठवायची वेळ आली, तर उघड्या पिना झाकण्यासाठी ते लागते आणि त्याशिवाय आलेला बोर्ड स्वीकारला जाईल याची खात्री नसते. उरलेले स्क्रू, जादा पितळी आधार आणि ते झाकण एका छोट्या पिशवीत घालून बोर्डाच्या खोक्यात पुस्तिकेशेजारी ठेवून द्यावे.